सीमेवरच्या गावांसाठी पलीकडे बोलू शकणारं एक ऑफिस पाहिजे

माझं आजोळ जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, उमदीच्या पुढे. मामांच्या शेताच्या शेवटच्या बांधावर उभं राहिलं की मोबाईलवर कर्नाटकात स्वागत असल्याचा मेसेज येतो आणि विहिरीपर्यंत मागे आलं की परत महाराष्ट्राचा. घरात कन्नड बोलतात, तहसीलला मराठी, बाजारात दोन्ही. आणि यात कुणाला काही विशेष वाटत नाही, पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय.

2019 च्या उन्हाळ्यात मामींच्या पोटात रात्री अचानक भयंकर दुखायला लागलं. सांगली-मिरज तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, विजयपूर त्याच्या निम्म्याहून कमी. साहजिकच जीप पलीकडे वळली, तिथल्या एका खासगी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. मामांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं पिवळं रेशन कार्ड काढलं, कारण गावात सगळ्यांनी सांगितलेलं की पिवळ्या कार्डावर ऑपरेशन फुकट होतं. काउंटरवरच्या मुलाने ते उलटसुलट बघितलं आणि परत दिलं, हे महाराष्ट्राचं, इथे नाही चालत. त्या मुलाचं काही चुकलं नाही, तो बरोबरच सांगत होता. मामींची बोरमाळ गहाण पडली ती दोन वर्षांनी सुटली. मामी बऱ्या झाल्या हे महत्त्वाचं, पण ते कार्ड परत घेताना मामांचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सीमाभागाच्या विकासासाठी वेगळं महामंडळ काढा, प्राधिकरण काढा ही मागणी अधूनमधून होते. माझं मत स्पष्ट आहे, असं प्राधिकरण पाहिजेच, पण ते फक्त पैसे वाटणारं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. सीमेवरच्या गावाची गरिबी बाकीच्या गरीब गावांपेक्षा वेगळी असते. त्याचं हॉस्पिटल, त्याचा बाजार, त्याचा साखर कारखाना, कधीकधी त्याचं पाणीसुद्धा रेषेच्या पलीकडे असतं आणि त्याचं सरकार मात्र अलीकडे. आणि अलीकडच्या कुठल्याच ऑफिसला पलीकडच्या ऑफिसशी रोजच्या कामाचं बोलायचा अधिकार नाही. कलेक्टरची हद्द रेषेवर संपते, बीडीओची तर त्याच्या कितीतरी आधी. मग मीटिंग लागते ती थेट मंत्र्यांची किंवा मुख्यमंत्र्यांची, आणि ती लागेपर्यंत प्रश्नाचं राजकारण झालेलं असतं.

नोव्हेंबर 2022 आठवा. महिन्याच्या सुरुवातीलाच कोल्हापूरला दोन्ही राज्यांच्या राज्यपालांनी सीमेवरच्या जिल्हाधिकाऱ्यांना घेऊन बैठक केली होती, चांगली गोष्ट होती. तीन आठवड्यांच्या आत कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले की जत तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी कर्नाटकात यायचे ठराव केलेत, आम्ही त्याचा गांभीर्याने विचार करतोय. इकडून देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की तो ठराव 2012 चा जुना आहे, नवा कुणी केलेला नाही. म्हणजे बघा, दहा वर्षांपूर्वी लोकांनी पाण्यासाठी वैतागून ठराव केला आणि दहा वर्षं तो तसाच पडून होता. मग एकदम हालचाल झाली. कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेतून पाणी सोडलं, ते तिकोंडीच्या तलावात आलं, लोकांनी जाऊन पाण्याची पूजा केली. महाराष्ट्राने लगेच जतला पाणी देणाऱ्या विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे 2000 कोटींची घोषणा केली. जे पाणी मागून मिळालं नाही ते राज्य सोडतो म्हटल्यावर मिळायला लागलं! आता हे बघून दुसऱ्या गावांनी काय शिकायचं?

आणि ती शिकलीच. डिसेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या आदिवासी गावांनी गुजरातमध्ये जाऊ द्या म्हणून निवेदनं दिली. अक्कलकोटकडून आवाज आले. नांदेडच्या धर्माबाद तालुक्याने तर 2018 मध्येच आम्हाला तेलंगणात घ्या म्हटलं होतं, कारण त्याच वर्षी तिकडे शेतकऱ्याला थेट पैसे देणारी रयतू बंधू योजना सुरू झाली, एकराला हंगामाला 4000 रुपये, आणि नातेवाईक पलीकडे असलेल्या शेतकऱ्याला ते रोज दिसत होतं. मी तेव्हा मामांना विचारलं होतं, खरंच जायचंय का तुम्हाला तिकडे? मामा म्हणाले, "आरं हौस हाय व्हय आमास्नी? सांगलीला पाणी मागाय गेलं की थांबा म्हणत्यात. त्येंचं नाव घेतलं की मग ऐकू येतंय." राज्य बदलायची धमकी हा सीमेवरच्या माणसाचा एकमेव अर्ज झालाय जो वरपर्यंत पोहोचतो, आणि ही गोष्ट मला फार टोचते, कारण हा माणूस महाराष्ट्रावर रागावलेला असला तरी महाराष्ट्राचाच आहे.

आता कुणी म्हणेल मागास भागासाठी यंत्रणा नाही असं कसं म्हणता, महाराष्ट्रात तर अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागाची विकासातली तूट, हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. बरोबर आहे. 1983 साली दांडेकर समिती नेमली गेली, तिने 3186 कोटींचा अनुशेष काढला, पुढे 1994 मध्ये घटनेच्या कलम 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं आली. ती कामाची होती असं माझं मत आहे, निदान निधीचा हिशोब तरी विचारला जायचा. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली, 2022 मध्ये मंत्रिमंडळाने परत सुरू करायचं ठरवलं. पण ही मंडळं चालू असतानासुद्धा जत कुठे बसायचं? उर्वरित महाराष्ट्रात. सुरगाणा? उर्वरित महाराष्ट्रात. गोव्याच्या सीमेवरचं दोडामार्ग? तेही तिथेच. म्हणजे पुणे, मुंबई आणि जत एकाच टोपलीत. जिल्ह्याचं बघितलं तरी तेच, सांगली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस, हळद आणि वाळव्या-पलूसचा मळा येतो, नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि अंबड-सातपूरची एमआयडीसी. या सरासरीत सुरगाण्याची बाई, जी पावसाळ्यात धो धो पाऊस बघते आणि एप्रिलमध्ये झऱ्यावर वाटीने पाणी भरते, ती कुठेच दिसत नाही. आणि सीमेवरचे तालुके जवळजवळ नेहमी जिल्ह्याच्या टोकाला असतात, मुख्यालयापासून सगळ्यात लांब, आमदारकीच्या मतदारसंघाच्याही टोकाला, त्यामुळे रस्त्याचं डांबर यायला लागलं की तिथपर्यंत पोहोचायच्या आत संपतं.

कधी वणीकडून सापुताऱ्याला गेलात तर बोरगावजवळ थांबून बघा. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका स्ट्रॉबेरीची खोकी मांडून बसलेल्या असतात, पिकवतात महाराष्ट्रातल्या सुरगाणा तालुक्यात आणि गिऱ्हाईक येतं सापुताऱ्याहून, म्हणजे गुजरातच्या डांगमधून. सुरतच्या गाड्या थांबतात, भाव करतात, घेतात. मी एका ताईंशी बोलत होतो, त्या म्हणाल्या की पर्यटक नसले त्या दिवशी माल पडून राहतो, संध्याकाळपर्यंत मऊ पडला की मिळेल त्या भावाला द्यायचा. तिथे एक छोटं कोल्ड स्टोरेज आणि सापुताऱ्याच्या बाजारात दहा गाळे मिळाले तर किती फरक पडेल. पण कोल्ड स्टोरेज महाराष्ट्र देऊ शकतो, गाळे देऊ शकतो गुजरात, आणि हे दोन्ही एका कागदावर आणणारा माणूस आज सरकारात कुठल्याच पोस्टवर नाहीये. मला प्राधिकरण हवंय ते या माणसासाठी.

दोडामार्गचंही तेच. तिथली शेकडो पोरं रोज सकाळी बाईकवरून गोव्यात कामाला जातात आणि आजारी माणूस सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेतात, कारण जवळ तेच आहे. 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या पेशंटकडून पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. मी गोव्याला दोष देणार नाही, त्यांच्या करदात्याच्या पैशाने चाललेलं हॉस्पिटल आहे, त्यांनी किती दिवस फुकट करायचं? खरं म्हणजे महाराष्ट्राने आधीच जाऊन सांगायला पाहिजे होतं की आमच्या या तालुक्यातल्या पेशंटचं बिल आम्ही भरतो. याच दोन राज्यांनी तिळारी धरण मिळून बांधलंय, खर्च वाटून घेतला, पाणी वाटून घेतलं. म्हणजे बसायचं ठरवलं की जमतं.

बाहेर असं झालेलंही आहे. स्पेन आणि फ्रान्सच्या मध्ये पिरेनीज डोंगरात सेर्दान्या नावाचं खोरं आहे, सीमा खोऱ्याच्या मधून जाते. तिथे 2014 मध्ये दोन्ही देशांनी मिळून एक हॉस्पिटल सुरू केलं, दोन्हीकडचे पेशंट तिथे जातात, खर्च वाटलेला आहे. ते तर दोन वेगळे देश, भाषा वेगळी, कायदे वेगळे. आपल्याकडे एकच देश, एकच रुपया, आणि विजयपूरला पिवळं कार्ड चालत नाही.

आणि आपल्याच सरकारने दाखवलंय की हे करता येतं. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, म्हणजे जी गावं आज कर्नाटकात आहेत आणि ज्यांच्यावर आपला दावा आहे त्या गावांना. त्यासाठी कर्नाटकातली काही हॉस्पिटल्ससुद्धा योजनेत घ्यायचं ठरलं. मी याच्या बाजूने आहे, बेळगाव-निपाणी-खानापूरच्या मराठी माणसाने इतकी वर्षं जे सोसलंय त्याच्यासाठी हे थोडंच आहे. पण मग जतच्या, अक्कलकोटच्या, देगलूरच्या, जे आज कागदोपत्री पूर्ण महाराष्ट्रातच आहेत त्यांच्यासाठी जवळच्या पलीकडच्या हॉस्पिटलशी करार करायला काय अडचण आहे? फक्त एवढीच की ते कुणाचं काम आहे हे ठरलेलं नाही.

केंद्राकडे बघावं तर सीमेवरचं गाव म्हणजे वेगळं गाव ही कल्पना तिथे जुनी आहे. 1986-87 मध्ये सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला, 2023 मध्ये 4800 कोटींचा व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रम मंजूर झाला. पण हे सगळं आंतरराष्ट्रीय सीमेसाठी, चीन-पाकिस्तानच्या बाजूच्या गावांसाठी, आणि ते योग्यच आहे. राज्या-राज्यांच्या सीमेसाठी असं काहीच नाही. शेजारी राज्यांना एका टेबलावर बसवणाऱ्या झोनल कौन्सिल आहेत म्हणावं तर त्यातली गंमत बघा, महाराष्ट्र पश्चिम परिषदेत गुजरात आणि गोव्याबरोबर बसतो, कर्नाटक आणि तेलंगणा दक्षिण परिषदेत, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्य परिषदेत. सहा शेजारी राज्यं, त्यातली चार दुसऱ्याच टेबलावर. ज्यांच्याशी पाण्यावरून सगळ्यात जास्त बोलायला पाहिजे तीच समोर नाहीत.

तेलंगणाच्या बाजूचं तर फारच अवघड. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, पैसे आपले, जमीन आपली, पण 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पावसाळाभर पाणी डोळ्यांदेखत जाणार. निकाल पाळलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्या चौकटीत राहून दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी काही सोय काढता येते का हे वर्षानुवर्षं कोण बसून बघतंय? खाली गडचिरोलीतल्या सिरोंचाला तेलंगणाच्या मेडीगड्डा बॅरेजच्या फुगवट्याने शेतं पाण्याखाली गेली, तिथला शेतकरी नुकसानभरपाईसाठी दोन राज्यांच्या मधे हेलपाटे घालत राहिला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या 14 गावांत तर दोन-दोन रेशन कार्डं, दोन-दोन मतदार कार्डं, एकाच गावात दोन राज्यांच्या शाळा. बाहेरच्याला वाटतं काय मजा आहे, दोन्हीकडून मिळतं. जमिनीचा पट्टा मागायला गेलं की कळतं मजा काय असते ते, दोघेही सांगतात तिकडे जा.

कर्नाटकाने 2010 मध्ये कायदा करून सीमाप्रदेश विकास प्राधिकरण काढलं. रस्ते, शाळा, भवनं असं काम ते करतं, पण त्याचा बराच भर कन्नड भाषा-संस्कृतीवर आहे, शेजाऱ्याशी व्यवहार जमवण्यावर नाही. आपण काढताना नेमकी तीच चूक करायला नको. भाषेचं काम व्हायलाच पाहिजे, जतमधल्या कन्नड माध्यमाच्या झेडपी शाळेला कन्नड येणारा मास्तर मिळाला पाहिजे आणि पलीकडच्या मराठी शाळेला मराठी पुस्तकं, पण प्राधिकरणाचं पहिलं काम पाणी, दवाखाना, एसटी, बाजार हेच पाहिजे.

माझ्या डोक्यात आहे ते साधारण असं. कायद्याने बनलेलं, जीआरने नाही, कारण जीआर पुढचं सरकार फिरवतं. मुंबईत मुख्य ऑफिस नको, अजिबात नको. जत, सुरगाणा, देगलूर, सिरोंचा, दोडामार्ग इथे पाच-दहा माणसांची ऑफिसं, त्यात एक तरी माणूस पलीकडची भाषा लिहिता-बोलता येणारा. अध्यक्षपदी आमदार नको. महामंडळाचं अध्यक्षपद म्हणजे मंत्रिपद हुकलेल्याची सोय हे आपण इतक्या वेळा बघितलंय की लोकांचा महामंडळ या शब्दावरचाच विश्वास उडालाय, आणि तो राग खरा आहे. आणि सगळ्यात मुख्य, कायद्यात स्पष्ट लिहायचं की ठराविक रकमेपर्यंतचे करार हे ऑफिस शेजारच्या राज्याच्या खात्याशी स्वतः करू शकतं, प्रत्येक फाइल मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर जाणार नाही. आणि सरकारने सीमेवर परिणाम होईल असा कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी या ऑफिसला विचारायचं. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याबाहेर ऊस न्यायला बंदीचा आदेश निघाला होता, शेतकरी संघटना उठल्या म्हणून आठवड्याभरात मागे घेतला. कागल-शिरोळच्या शेतकऱ्याला पलीकडचा कारखाना म्हणजे भाव वाढवून मागायचं एकमेव हत्यार, हे ज्या टेबलावर कुणाला सुचलं नाही तिथे सीमेवरचा एकही माणूस बसलेला नव्हता असं मला वाटतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्येही तेच झालं, रेषेवर दोऱ्या बांधल्या आणि गोव्यात रोज कामाला जाणारा माणूस रातोरात परका झाला.

एक आक्षेप मी स्वतःही बरेच दिवस मनात घोळवला. कर्नाटकाशी असे करार करत बसलो तर बेळगावचा आपला दावा ढिला पडणार नाही का? 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे, उद्या ते म्हणतील तुम्हीच सीमा मानून व्यवहार केलात. ही भीती खोटी नाही. पण वकील लोक रोज करतात तशी एक ओळ प्रत्येक करारात घालता येते की या करारामुळे कोर्टातल्या कुठल्याही दाव्याला बाधा येणार नाही. कृष्णेचं पाणी लवादाने वाटलं, त्याप्रमाणे दोन्ही राज्यं वागतात, त्याने बेळगावचा दावा संपला का? नाही ना. उलट बेळगावच्या मराठी माणसाला बसतो तो सगळ्यात मोठा फटका वाद पेटला की एसटी बंद होते त्याचा, दोन्हीकडच्या बस सीमेवर अडवतात आणि कॉलेजची पोरं, डायलिसिसचे पेशंट वडाप शोधत फिरतात. वाद कोर्टात असताना बस चालू ठेवायची असा करार असेल तर तो त्यांच्याच उपयोगाचा.

दुसरं म्हणतात, जिल्हा नियोजनातून पैसे वाढवून द्या, कशाला नवीन यंत्रणा. द्या ना, जरूर द्या, तिथेही टोकाच्या तालुक्यांचा वाटा वेगळा बांधून द्या. पण नियोजन समितीचा पैसा रेषेच्या पलीकडे एक फूट जात नाही आणि प्रश्न तर पलीकडे आहेत.

असं ऑफिस उद्या सुरू झालं तर पहिलं काम कुठलं हे मी आज सांगू शकतो. कडक उन्हाळ्यात कर्नाटकाला पाणी कमी पडलं की ते आपल्याकडे मागतात आणि आपण कोयना-वारणेतून सोडतो. त्याच्या बदल्यात कर्नाटकाने तुबची-बबलेश्वरमधून पूर्व जतला पाणी द्यायचं, त्यांचा कॅनॉल आपल्या गावांच्या उशाला आहे, ही देवाणघेवाण कितीतरी वेळा मंत्र्यांच्या चर्चेत आली आणि तिथेच राहिली. विस्तारित म्हैसाळचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोहोचायला वेळ लागणार, तोपर्यंत हा मार्ग आहे. किती पाणी, कुठल्या महिन्यात, मीटर कुठे बसवायचा, विजेचं बिल कुणी भरायचं, एवढंच ठरवायचंय. दोन एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आणि एक दुभाषी चार दिवस विजयपूरला आणि चार दिवस जतला बसले तर मसुदा तयार होईल. आमच्याकडे टँकरची मागणी फेब्रुवारीतच सुरू होते, तेव्हा हे बसणं दिवाळीच्या आसपास व्हायला पाहिजे, मार्चमध्ये नाही.